घर चुकले म्हणून पुन्हा बिऱ्हाड हलवावे काय?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. बांधलेले किंवा विकत घेतलेले घर चुकले तर काय करावे, हे मात्र ही म्हण सांगत नाही. आमच्या ओळखीच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांत असे बरेच लोक आहेत, ज्यांनी आयुष्याची कमाई घालून घर घेतले आणि वर्षाच्या आत मनातल्या मनात पस्तावले. बाहेर कोणी बोलत नाही. दावत देऊन, शेजाऱ्यापाजाऱ्यांना मिठाई वाटून घेतलेल्या घराबद्दल "फसलो" असे कोणत्या तोंडाने सांगायचे? म्हणून हा विषय आज आम्ही ह्या पानावर घेत आहोत. सुरुवात आमच्यापासूनच करू, म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको.

आमचे मुखेडच्या जुन्या वस्तीत शिलाईचे दुकान आहे. दुकानाच्या मागेच भाड्याच्या दोन खोल्या होत्या. जागा अपुरी, ओल यायची, पाण्याची ओढाताण. मुले मोठी होऊ लागली तेव्हा स्वतःचे घर घ्यावे असे ठरले. गावाबाहेर तीन किलोमीटरवर नव्या प्लॉटिंगमध्ये एक तयार घर मिळाले. किंमत वीस लाख. साठवलेले पैसे, घरातले सोने आणि भावाकडून घेतलेले बिनव्याजी हातउसने, असे मिळून व्यवहार झाला. घर पाहिले ते मार्च महिन्यात. रस्ता कोरडा, हवा मोकळी, अंगणात कडुलिंब. आम्ही खूष झालो.

मग पावसाळा आला. मराठवाड्याची काळी माती पावसात काय करते हे आम्हास ठाऊक नव्हते असे नाही, पण मार्चमध्ये ते आठवले नाही. मोटारसायकल चिखलात रुतली की पायीच यावे लागे. रमजान आणि लग्नसराईत आम्ही रात्री बारा-बारापर्यंत मशीन चालवीत असू, कारण घर मागेच होते. आता नऊला शटर ओढावे लागते. सर्वात मोठा तोटा तर आम्ही हिशेबात धरलाच नव्हता. आमची पत्नी घरी पिको-फॉलचे काम करीत असे. गल्लीतल्या बायका येताजाता साड्या देऊन जात. नव्या घरी कोण येणार? ते काम बंद पडले. आणि अम्मी, ज्यांचा दिवस दारात बसून चार बायकांशी बोलण्यात जायचा, त्या आता भिंतीकडे पाहत बसतात. त्या तक्रार करीत नाहीत, फक्त दर जुम्याला विचारतात, "जुन्या खोल्या अजून रिकाम्याच आहेत का?"

ह्या प्रश्नाचे उत्तर देताना आम्ही जो विचार केला तो वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे मांडतो.

पस्तावा कशाचा, हे आधी ठरवा

घराचा पस्तावा तीन प्रकारचा असतो आणि तिन्हींना औषध वेगळे आहे.

पहिला प्रकार जीवाच्या धोक्याचा. घर ओढ्याच्या पात्रात आहे, पुराचे पाणी येते, भिंत तडकली आहे. येथे हिशेब करीत बसायचे नसते. मुखेड तालुक्याने हे अगदी अलीकडे पाहिले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये एका रात्रीच्या अतिवृष्टीने तालुक्यातील रावणगाव, हसनाळ आणि आसपासच्या गावांत पाणी शिरले. हसनाळमध्ये माणसे दगावली, रावणगावात शेकडो लोक अडकून पडले. बचावकार्यासाठी लष्कराची तुकडी बोलवावी लागली. लेंडी प्रकल्पाच्या परिसरातील ह्या गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळत आला होता. तेथील लोकांना उठून जाणे आपल्या एकट्याच्या हातात नव्हते. ज्याच्या हातात आहे त्याने तरी पाण्याच्या वाटेतल्या घरात "बघू पुढच्या वर्षी" म्हणत राहू नये. तोटा झाला तरी चालेल, आधी माणसे बाहेर काढा.

दुसरा प्रकार कागदाचा. आपल्या भागात अजूनही कित्येक प्लॉट स्टॅम्पच्या कागदावर नोटरी करून विकले जातात. घेणाऱ्याला वाटते की आपण मालक झालो. कायदा तसे मानत नाही. शंभर रुपयांवरील स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच व्हावी लागते, ही तरतूद फार जुनी आहे. नुसत्या मुखत्यारपत्रावर किंवा करारावर मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली पुन्हा स्पष्ट केले. ज्याचा पस्तावा कागदाचा आहे त्याने घर विकायला काढण्यापूर्वी कागद दुरुस्त करावेत. मूळ विकणारा हयात आहे, गावात आहे, तोवर खरेदीखत करून घ्यावे. प्लॉट अकृषिक झालेला नसेल तर गुंठेवारीखाली नियमित होतो का हे पाहावे. महाराष्ट्रात गुंठेवारीचा कायदा २००१ सालचा असून २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्याचा लाभ देण्यात आला. कच्च्या कागदाचे घर घाईने विकणारा मनुष्य निम्म्या किमतीत विकतो, आणि पुढच्या गरजूच्या गळ्यात तोच दोरा बांधतो. आपल्या मालाचा दोष गिऱ्हाइकापासून लपवू नये, हा नियम दुकानात पाळायचा आणि घर विकताना विसरायचा, हे बरे नव्हे.

तिसरा प्रकार सोयीचा आणि धंद्याचा. घर सुरक्षित आहे, कागद स्वच्छ आहेत, पण दुकान लांब पडते, गिऱ्हाईक तुटते, मन रमत नाही. आमचा पस्तावा ह्या तिसऱ्या प्रकारचा आहे आणि बहुतेक वाचकांचाही असाच असेल. येथे मात्र वही काढून बसावे लागते.

दुसऱ्यांदा हलण्याचा खरा खर्च

घर विकून दुसरे घेणे म्हणजे वीस लाख देऊन वीस लाख घेणे नव्हे. मध्ये किती गळती होते ते पाहा.

मुद्रांक शुल्क गावाच्या वर्गाप्रमाणे वेगवेगळे असते. हिशेबापुरते आपण ६ टक्के धरू. वीस लाखांवर ते १ लाख २० हजार होते. शिवाय ठरलेली किंमत आणि सरकारी मूल्यदर तक्त्याची किंमत ह्यांपैकी जी जास्त तिच्यावर हे शुल्क लागते, हे विसरू नये. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार. म्हणजे येथे २० हजार. दलाली विकताना १ टक्का आणि घेताना १ टक्का धरली तर ४० हजार. घाईने विकताना भाव निदान ५ टक्के तुटतो, ते १ लाख. रंग, नळ, विजेची कामे, सामानाची ने-आण ह्यांचे ७५ हजार. बेरीज ३ लाख ५५ हजार रुपये. पहिल्या खरेदीच्या वेळी जे शुल्क भरले ते तर गेलेच, ते ह्यात धरलेलेही नाही.

आता दुसरी बाजू. आमचा पेट्रोल आणि जाण्यायेण्याचा खर्च रोजचा सरासरी १२० रुपये. वर्षाचे कामाचे ३०० दिवस धरले तर ३६ हजार. एवढाच तोटा असता तर ३ लाख ५५ हजार वसूल व्हायला जवळजवळ दहा वर्षे लागली असती. मग हलण्यात शहाणपण नाही. पण पत्नीचे पिको-फॉलचे बुडालेले काम रोजचे २०० रुपये धरले, तर वर्षाचे ६० हजार आणखी होतात. दोन्ही मिळून ९६ हजार. आता तोच खर्च पावणेचार वर्षांत वसूल होतो.

तेव्हा निर्णय ज्या आकड्यावर फिरतो, तो पेट्रोलचा नाही. घरातल्या बाईच्या कमाईचा आहे, जी कोणत्याच वहीत लिहिलेली नव्हती. आमच्या समाजात जरीकाम, विडी, शिलाई, बांगड्या, पापड असे कितीतरी धंदे घराच्या उंबऱ्याशी चालतात. घर बदलताना पुरुष दुकानाचे अंतर मोजतो, बाईच्या गिऱ्हाइकांचे अंतर कोणी मोजत नाही. आमचीही तीच चूक झाली.

वाचकांनी आपापले आकडे घालून हा हिशेब करावा. आकडे अंदाजाने घालू नयेत. सहा महिने रोज रात्री लिहावे: आज घर लांब असल्यामुळे किती खर्च झाला, किती काम परत गेले. रागाच्या दिवशी तोटा दुप्पट वाटतो आणि पाहुणे घराची तारीफ करून गेले की शून्य वाटतो. वही दोन्ही दिवशी सारखेच बोलते.

कर आणि कर्ज

घर घेऊन दोन वर्षे, म्हणजे २४ महिने, पुरे होण्याआधी विकले आणि त्यात नफा झाला, तर तो अल्पमुदतीचा नफा ठरून आपल्या नेहमीच्या उत्पन्नात मिळवला जातो. २४ महिन्यांनंतर तो दीर्घमुदतीचा धरला जातो आणि जुलै २०२४ पासून त्यावर साडेबारा टक्के दर आहे. ज्याने वडिलोपार्जित घर विकून आलेल्या नफ्यात हे नवे घर घेतले आणि त्यापोटी कर वाचविला, त्याने नवे घर तीन वर्षांच्या आत विकल्यास वाचविलेला कर अंगावर येतो. गृहकर्जाच्या मुद्दलावर करसवलत घेतली असेल तर पाच वर्षांच्या आत विकण्यापूर्वीही सल्ला घ्यावा, कारण घेतलेली सवलत परत उत्पन्नात धरली जाते. तेव्हा तारीख पाहून विकावे. दोन महिने थांबल्याने मोठी रक्कम वाचत असेल तर थांबावे.

ज्यांनी बँकेचे कर्ज काढले आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बदलत्या व्याजदराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्याबद्दल बँकेने दंड आकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच सांगितले आहे. आणि ज्यांनी आमच्यासारखे नातलगांकडून बिनव्याजी घेतले आहे, त्यांनी आपल्याला व्याज नाही म्हणून घाई नाही, असे समजू नये. भावाचा पैसा अडकला आहे, त्याचीही मुलगी लग्नाची आहे. घर विकले तर पहिला हप्ता त्याचा.

पुन्हा खरेदी करायचीच झाली तर आणखी एक सवलत उपयोगी आहे. केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येणार नाही, अशी जी अट होती ती २०२३ साली काढून टाकण्यात आली.

किल्लारीचा धडा

प्रत्येक पस्ताव्याला घर सोडणे हेच उत्तर असते असे नाही. आपल्या शेजारच्या जिल्ह्याचे उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर परिसरात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. नंतर ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची पक्की घरे देण्यात आली. घरे मजबूत होती, पण जुन्या गावाची गजबज तेथे नव्हती. आखीव रुंद रस्ते, घराघरांत अंतर, गाव पूर्वीच्या कितीतरी पट पसरलेले. ज्याचा धंदा ओसरीवर, वाड्याच्या कोपऱ्यात, गल्लीच्या तोंडाशी चालायचा, त्याला २५० चौरस फुटांत भाता कोठे मांडावा आणि लाकूड कोठे रचावे हा प्रश्न पडला.

त्या लोकांना घर विकून दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती. त्यांनी हळूहळू घरालाच आपल्यासारखे केले. कोणी पुढे पत्र्याची शेड काढली, कोणी भिंत घालून अंगण केले, कोणी रस्त्याकडे दुकानाचे दार पाडले. जे घर सरकारी नकाशावर एक आकडा होते, ते वर्षांनी घर झाले.

म्हणून विकण्यापूर्वी स्वतःला विचारावे: दहा-वीस हजारांत हा त्रास कमी होतो का? पुढे शेड घालून लोहाराला, सुताराला तेथेच काम करता येते का? गल्लीतल्या जुन्या दुकानात आठवड्यातून दोन दिवस पिको-फॉल घेण्याची सोय करता येते का? वस्तीतले दहा घरमालक मिळून नगरपरिषदेकडे मुरुमाच्या रस्त्यासाठी अर्ज करतात का? आम्ही ह्यांपैकी दोन गोष्टी करून पाहिल्या. रस्त्यावर मुरूम पडला, त्याने बरेच भागले. पिको-फॉलचे मात्र जमले नाही. बायका दुकानात पुरुषांसमोर कपडे द्यायला संकोचतात.

मधला मार्ग

विकणे आणि सोसणे ह्यांच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे, त्याचा विचार आपले लोक फार कमी करतात. स्वतःचे घर भाड्याने द्यावे आणि आपण धंद्याजवळ भाड्याने राहावे.

आमचा हिशेब असा. नव्या घराचे भाडे महिना ४ हजार येऊ शकते, वर्षाचे ४८ हजार. दुकानामागच्या खोल्यांचे भाडे आता साडेचार हजार, वर्षाचे ५४ हजार. पदरचे जातात ६ हजार. सामान हलविण्याचे आणि किरकोळ दुरुस्तीचे १५ हजार. म्हणजे पहिल्या वर्षी २१ हजारांत काम होते. ३ लाख ५५ हजार कोठे आणि २१ हजार कोठे! आणि वर्षभरात पत्नीचे काम खरोखर पूर्वीसारखे सुरू होते की नाही, हेही कळते. नाही झाले तर आपले घर आपले आहेच. फक्त भाडेकरूशी करार लेखी करावा आणि त्याची नोंदणी करून घ्यावी. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ते बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ओळखीचा आहे, आपला माणूस आहे, म्हणून तोंडी व्यवहार करणारे नंतर त्याच आपल्या माणसाशी कोर्टात उभे राहतात.

ह्या मार्गात एकच अडचण आहे, ती पैशाची नाही. लोक काय म्हणतील? "स्वतःचे घर असून भाड्याच्या खोलीत राहतो." आम्ही ह्यावर बरेच दिवस अडून बसलो होतो. शेवटी दुकानातल्या एका कापडाच्या ताग्याने आम्हास शिकविले. दोन वर्षे न खपलेला तागा आम्ही गेल्या हंगामात खरेदीच्या भावापेक्षा कमी किमतीत काढून टाकला आणि त्या पैशात चालणारा माल भरला. तेव्हा लोक काय म्हणतील असा विचार आमच्या मनात आला नाही. ताग्यात गुंतलेला पैसा गेला, आता पुढचे पाहा, हे ज्या व्यापाऱ्याला दुकानात कळते, त्याला घराच्या बाबतीत का कळू नये?

पुढच्या वेळी

ज्यांनी अजून घर घेतलेले नाही त्यांच्यासाठी चार गोष्टी. घर पावसाळ्यात पाहावे, आणि एकदा रात्री पाहावे. शक्य झाल्यास त्या वस्तीत आधी एक पावसाळा भाड्याने राहावे. घरातल्या बायकांना आणि वडीलधाऱ्यांना आधी न्यावे, सौदा ठरल्यावर नव्हे. जुने घर विकून पैसा हातात येईपर्यंत नव्या घराचा इसार देऊ नये. दोन घरांचे ओझे भल्याभल्या धंद्यांना बुडवते.

आणि विकायचेच ठरले तर आधी शेजाऱ्याला विचारावे. शेजाऱ्याचा पहिला हक्क मानण्याची, शुफाची, आपल्याकडील रीत जुनी आहे. ती धंद्याच्या दृष्टीनेही सोयीची आहे. शेजाऱ्याला त्या जागेची किंमत ठाऊक असते आणि दलाली वाचते.

आमचे म्हणाल तर निर्णय झाला आहे. घर विकणार नाही. मुलांच्या परीक्षा संपल्या की दुकानामागच्या खोल्यांत परत जाणार. पुढचे एक वर्ष वही लिहिणार आणि मगच घराचे काय करायचे ते ठरविणार. अम्मींना हे सांगितले तेव्हा त्यांनी लगेच विचारले, "दारापुढचा ओटा अजून आहे ना?" ओटा आहे. जरा फुटला आहे, तो जाण्यापूर्वी दुरुस्त करून घेऊ.